करंगळीएवढा खटका

४ नोव्हेंबर

ताई,

फोन केला असता, पण फोनवर मी रडते, तू ओरडतेस आणि मग आपण दोघी चार दिवस बोलत नाही. म्हणून हे पत्र. सुट्या भागांची गाडी उद्या तुझ्या वर्कशॉपला जाणार आहे, तिच्या लंबू ड्रायव्हरच्या हाती देते.

परवा दुपारी ह्यांच्या पायावर गाडी आली. आपलीच गाडी, आपल्याच दारात. फाटकापासून घरापर्यंतचा आमचा चढ तुला माहीत आहे. गाडी नेहमीसारखी घराकडे तोंड करून उभी होती. हे डिकीतून धंद्याचे, पडद्यांच्या कापडाचे तागे काढत होते. शेवटचा तागा काढून भिंतीला टेकवला, डिकी लावली आणि गाडी मागे सुटली. फाटकाचा खांब आणि गाडी यांच्यामध्ये डावा पाय सापडला. गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. एक ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचंय. डॉक्टर म्हणतात पाय वाचेल, चालण्याचं आत्ता विचारू नका.

गाडी शेवटची आणली होती सुनेनं. ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे व्यायाम घेते, हे तुला माहीतच आहे. ती म्हणते, मी गिअरची दांडी पार्किंगच्या पीवर टाकूनच उतरले. पण नंतर शेजाऱ्यांनी आत डोकावून पाहिलं तर दांडी न्यूट्रलच्या एनवर. दोघांनी पाहिलं. मुलगा तिच्याशी बोलत नाही. त्याचं म्हणणं, चूक कुणाच्याही हातून होते, पण ही खोटं का बोलते. बाबा घरी येतील तेव्हा ती या घरात नको, इथपर्यंत गोष्ट गेली आहे.

तू जन्मभर गिअरबॉक्स उघडत आलीस. एवढंच लिहून पाठव, पीवर असलेली गाडी आपोआप सुटते का? तुझ्या शब्दापुढे आमच्याकडे कुणी जात नाही.

तुझी बारकी


६ नोव्हेंबर

बारके,

कागदावरचे डाग तेलाचे आहेत, रडण्याचे नाहीत. मी रडत बसले तर इथं तीन गाड्या उघड्या पडल्यात त्या कोण मिटवणार.

मेव्हण्यांचं ऐकून वाईट वाटलं. त्यांना म्हणावं, डॉक्टरांचं ऐका, स्वतःची अक्कल चालवू नका.

आता तू विचारलंस ते. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सच्या पोटात एक दातेरी चाक असतं. दांडी पीवर नेली की करंगळीएवढा लोखंडी खटका त्या चाकाच्या दोन दातांमध्ये जाऊन बसतो. तो बसला की चाकं फिरत नाहीत. म्हणजे पीवर असलेली गाडी जागची हलत नाही. जी हलली ती पीवर नव्हती. दांडी एनवर सापडली म्हणतेस, मग आणखी काय पाहिजे? पोरीनं घाईत दांडी अर्ध्यावर सोडली असणार. हल्लीच्या पोरी एका हातात फोन धरूनच उतरतात.

तिला सांग, चूक कबूल कर आणि मोकळी हो. खोटं मला चालत नाही. बाबांच्या वेळेपासून या वर्कशॉपमध्ये ज्याच्या हातून काम बिघडलं त्यानं ते तोंडानं सांगायचं, मग शिव्या खायच्या, मग चहा प्यायचा.

कामं पडलीत. थांबते.

ताई


९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मुलानं जेवणाच्या टेबलाशी मोठ्यानं वाचलं. वाचायला नको होतं असं आता वाटतं. "जी हलली ती पीवर नव्हती" हे त्यानं दोनदा वाचलं.

सून किल्ल्यांच्या कपाटाकडे बघत राहिली. मग तिनं सगळ्यांची ताटं उचलली, स्वतःचं तसंच भरलेलं ठेवून. स्वयंपाकघरात मी तिच्या मागे गेले आणि म्हटलं, अगं, कबूल केलंस तर विषय मिटेल. ती म्हणाली, "आई, मी घरी आले, अंघोळ केली, दोन बादल्या कपडे पिळून वाळत घातले, बाबांना चहा दिला. चहा पिऊन ते तागे काढायला बाहेर गेले. तोपर्यंत गाडी कुणी धरून ठेवली होती?"

 तिनं बॅग काढली आहे. अजून भरलेली नाही, पलंगावर उघडी ठेवली आहे.

ह्यांचं दुसरं ऑपरेशन परवा झालं. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी विचारलं, तिनं कबूल केलं का? ताई, तू असं फटकन लिहायला नको होतंस. पण मीच विचारलं होतं.

बारकी


१० नोव्हेंबर

बारके,

लंबू बाहेर हॉर्न वाजवतोय, दोन ओळीत लिहिते.

कपडे वाळत घातले, अंघोळ केली, हे तू पहिल्या पत्रात का नाही लिहिलंस? तू कॉलेजात गेलीस, मी चौथीतून थेट गाडीखाली गेले, आणि सरळ गोष्ट सरळ सांगायचं मी तुला शिकवू? तुझ्या त्या चढावर एनमध्ये सोडलेली गाडी चार श्वास उभी राहणार नाही. दारातून पाय बाहेर टाकायच्या आत सुटेल. ती सगळं उरकून चहा करेपर्यंत उभी होती म्हणजे तिला कशानं तरी धरलं होतं.

आता विचारते त्याची उत्तरं दे. अंदाज नको, जे पाहिलंस तेच लिही.

गाडी सुटली तेव्हा किल्ली कुठं होती?

त्यानंतर गाडीत पहिल्यांदा कोण बसलं?

रोज निघताना दांडी पीवरून काढली की काही आवाज यायचा का, कसा?

हँडब्रेक ओढलेला होता का? नसेल तर का नव्हता?

आणि तिला थांबव. बॅगेत ठेवलेलं एक एक बाहेर काढ. मी सांगितलंय म्हणावं.

ताई


१३ नोव्हेंबर

ताई,

तू विचारलंस तसं लिहिते.

किल्ली सुनेच्या पर्समध्ये होती, पर्स आत खुंटीवर. हे किंचाळले तेव्हा मुलगा बाहेर धावला आणि किल्ली, किल्ली म्हणून ओरडायला लागला. मी पर्स उपडी केली आणि खिडकीतून किल्ली त्याच्याकडे फेकली. गाडीत पहिल्यांदा तोच बसला. मग उतरला, शेजारचे दोघे आले, सगळ्यांनी मिळून गाडी वर ढकलली आणि मागच्या चाकाला वीट लावली. आत काय केलं ते त्याला आठवत नाही म्हणतो. त्याचे वडील समोर ओरडत होते, मीही काही नीट सांगू शकणार नाही.

आवाज यायचा. दांडी पीवरून काढली की "टक्" असा, लोखंडावर घण घातल्यासारखा, आणि गाडी एकदा हिसका द्यायची. सपाट रस्त्यावर नाही, आमच्या चढावरच. वर्षभर तरी येत असेल. आम्हाला वाटलं गाडी जुनी आहे म्हणून. हे तर गमतीनं म्हणायचे, उठली बघा.

हँडब्रेक ओढलेला नव्हता. आमच्याकडे कुणीच ओढत नाही. पीवर टाकतो आणि उतरतो.

सून काल गेली. दुपारी, मी दवाखान्यात होते तेव्हा. तुझं दहा तारखेचं पत्र आज आलं. पुलाचं काम चाललंय, लंबूला लांबून यावं लागलं. आज येण्याऐवजी काल आलं असतं तर मी दारात आडवी पडले असते.

घराच्या किल्लीची जोडी तिनं कपाटातल्या खिळ्याला नीट लावून ठेवली आहे.

बारकी


१४ नोव्हेंबर

बारके,

हे पत्र तुझ्या दिवट्यासमोर धर आणि मोठ्यानं वाचायला लाव. मागचं वाचलं होतं तसंच.

तुमच्या गाडीची किल्ली दांडी पीवर असल्याशिवाय बाहेर निघतच नाही. दांडी दुसरीकडे कुठंही असू दे, किल्ली भोकात अडकून बसते. आणि किल्ली फिरवल्याशिवाय, ब्रेकवर पाय दिल्याशिवाय दांडी पीवरून सुटत नाही. किल्ली पर्समध्ये होती, पर्स खुंटीवर होती. म्हणजे पोरीनं गाडी पीवरच टाकली होती. दांडी एनवर नेली ती तुझ्या मुलानं, बापाच्या पायावरून गाडी ढकलायला. त्यानं ठीकच केलं. पण नंतर ती एनवर दिसली म्हणून बायकोला खोटारडी ठरवलं.

पहिल्या पत्रात मी फटकन लिहिलं. माझी चूक. किल्ली कुठं होती हे आधी विचारायचं, हे मला कळायला हवं होतं. एवढी वर्षं काय हवा भरली का मी?

आता खरी गोष्ट. पीवर होती, तरी सुटली. म्हणजे तो खटका खाल्ला गेलाय. तुमचा तो टक् आवाज म्हणजे गाडी उठली नव्हती, ओरडत होती. चढावर नुसती पीवर टाकून ब्रेकवरचा पाय काढला की सगळ्या गाडीचं वजन त्या करंगळीएवढ्या लोखंडावर येतं. सकाळी दांडी काढायची म्हणजे वजनाखाली अडकलेला खटका उपसून काढायचा. रोज. हँडब्रेक त्याचसाठी असतो, वजन त्यानं घ्यायचं, खटका नुसता राखणीला.

आणि हँडब्रेक कुणीच ओढत नाही हे तू कौतुकानं लिहिलंस का? एवढी दांडगी माणसं घरात, हात वर करून एक दांडा ओढता येत नाही? मेव्हण्यांना पडद्याच्या कापडाची सुरकुती लांबून दिसते आणि चढावर उभी केलेली गाडी दिसत नाही. का ओढत नाही ते मी विचारलं होतं. त्याचं उत्तर तू दिलेलं नाहीस.

गाडी उचलून माझ्याकडे पाठव. पुढची चाकं उचलूनच आण म्हणावं, ओढत आणली तर गिअरबॉक्सचं उरलंसुरलं जाईल.

ताई


१७ नोव्हेंबर

ताई,

गाडी आज पाठवली. तू सांगितलंस तशी चाकं उचलून.

मुलानं पत्र वाचलं. निम्म्यावर आल्यावर मोठ्यानं वाचणं थांबलं, पुढचं मनात वाचलं. मग फाटकाशी जाऊन बराच वेळ उभा राहिला. परत आला आणि म्हणाला, मावशीनं आधी एक लिहिलं, आता दुसरं लिहितेय, तिसरं काय लिहील कुणास ठाऊक. गाडी उघडून बघू दे, मग बोलू. ताई, तो चुकीचं बोलतोय हे मला कळतंय. पण त्याचा चेहरा पाहिलास तर तूही काही बोलली नसतीस. वडिलांना तो काही सांगायला तयार नाही.

सुनेला मी फोन केला. उचलला, कसे आहेत बाबा एवढं विचारलं. मी तुझं किल्लीचं सांगायला लागले तर म्हणाली, "आई, ते मला माहीत होतं. मला कुणी विचारलं नाही." फोन ठेवला.

हे अठ्ठावीसला घरी येतील.

हँडब्रेकचं तू पुन्हा विचारलंस. सवय आहे एवढंच समज. आता त्याचं काय करायचंय.

बारकी


२१ नोव्हेंबर

बारके,

गिअरबॉक्स उघडला.

तळाच्या तव्यात तेलाबरोबर लोखंडाचा चुरा होता, बोटावर घेतला तर चंदेरी चमकतो. चुऱ्यात खटक्याच्या टोकाचा तुकडा सापडला. चाकाचे दात एका बाजूनं गोल झालेत, चघळलेल्या पेन्सिलीसारखे. असा खटका दाताच्या टोकावर कसाबसा टेकून राहतो. उभी आहे, उभी आहे, आणि कुणी डिकी आपटली की निसटला. मेव्हण्यांनी डिकी लावली आणि तेच झालं. सून त्या दिवशी गाडी आणून गेली म्हणून तिच्या नावावर आलं. आदल्या दिवशी तू डिकीतून भाजी काढली असतीस तर तुझा पाय गेला असता.

खटका आणि चाक एका जुन्या गिअरबॉक्समधून काढून बसवलं. तेल तपकिरी होऊन जळल्याचा वास मारत होतं, तेही बदललं. तुम्हाला कुणी सांगितलं की ऑटोमॅटिकचं तेल जन्मभर पुरतं? आणखी एक. गाडी पूर्ण थांबायच्या आत तुमच्यातलं कुणीतरी दांडी पीवर ढकलतं. त्याच्या वेगळ्या खुणा आहेत दातांवर. मला वाटतं तू. तू लहानपणीही सायकल थांबायच्या आत उतरायचीस.

तुझ्या मुलासाठी सगळे जुने भाग एका डब्यात घालून लंबूबरोबर पाठवलेत. हातात घेऊन बघू दे. मग बोलू म्हणाला होता ना, आता बोल म्हणावं.

पण मला एक गोष्ट झोपू देत नाही. हँडब्रेकचा दांडा मी तपासला. केबल नव्यासारखी. हँडब्रेकच्या पट्ट्यांना ओरखडा नाही. म्हणजे गाडी घेतल्यापासून तुम्ही तो जवळजवळ ओढलेलाच नाही. हा आळस नाही. आळशी माणूस दहातून चार वेळा तरी ओढतो. हे कुणीतरी सांगून केलेलं आहे. कुणीतरी तुमच्या डोक्यात भरलंय की हँडब्रेक ओढायचा नाही. त्या माणसामुळे मेव्हण्यांचा पाय मोडला आणि पोरगी घराबाहेर गेली. कोण आहे तो? शेजारी, गाडी विकणारा, दुसरा कुणी मिस्त्री? दोनदा विचारलं, दोनदा टाळलंस. आता नाव लिही. मी स्वतः येऊन त्याचे कान उपटते, सगळ्या गल्लीसमोर.

ताई


२४ नोव्हेंबर

ताई,

डबा पोचला. मुलगा तो खटका मुठीत धरून बसला होता.

नाव विचारतेस. तू तीनदा विचारलंस म्हणून, नाहीतर मी कधीच सांगितलं नसतं. सोबत एक कागद पाठवते. चौदा वर्षांपूर्वीचा आहे. आमच्या पहिल्या गाडीच्या वेळचा, ती गिअर टाकायची जुनी गाडी. एकदा रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवला होता आणि सकाळी तो सुटला नाही, चाक जाम, हे तेव्हाच्या ऑफिसला उशिरा पोचले. मी तुला लिहिलं होतं आणि तू हे उत्तर दिलं होतंस. मी ते किल्ल्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. परवा वाफ देऊन सोडवलं, म्हणून कोपरा फाटला आहे.

तू लिहिलंयस: "हँडब्रेकची केबल गंजली की धरते, मग सोडत नाही. उभी करताना पहिल्या गिअरमध्ये टाका, चाकामागे दगड लावा. हँडब्रेकला कुणी हात लावायचा नाही. कुणी शहाणपणा केला तर ताईनं सांगितलंय म्हणा."

गाडी बदलली, कागद तिथंच राहिला. दगड मात्र सुटला, कारण आता पी होतं ना. तुला कुणी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर तू ओरडली असतीस.

आणखी एक आहे. सून लग्न करून आली तेव्हा पहिल्या आठवड्यात ती रोज हँडब्रेक ओढायची. ह्यांनी तिला कपाटासमोर नेऊन तुझा कागद दाखवला. "आमच्याकडे ताईंचा शब्द चालतो." ती म्हणाली होती, बाबा, ती गाडी वेगळी असेल. हे हसले. त्यानंतर तिनं ओढला नाही.

त्या दिवशी मुलगा तुझं पत्र वाचत होता तेव्हा ती कपाटाकडे का बघत होती, ते मला तेव्हाच कळलं होतं. तिनं तोंड उघडलं असतं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं. तिनं घेतलं नाही. मीही घेतलं नाही. तिचं तोंड का बंद राहिलं मला माहीत नाही. माझं, मी घाबरट आहे म्हणून.

बारकी


१ डिसेंबर

मुली,

मी तुझी मावससासू. लग्नात तुला पाहिलं होतं, तू माझ्या पाया पडलीस तेव्हा मी म्हटलं होतं, उठ, हात मळके आहेत माझे. त्यानंतर आपण बोललो नाही. हे पत्र तुझ्या आईच्या पत्त्यावर पाठवते.

आधी हे. तू गाडी पीवर टाकली होतीस. तू खोटं बोलली नाहीस. गाडी सुटली कारण आत खटका झिजला होता, खटका झिजला कारण हँडब्रेक ओढत नव्हते, आणि हँडब्रेक ओढत नव्हते कारण मी ओढू नका म्हणून लिहिलं होतं. एका गाडीसाठी लिहिलं होतं, पण कुठल्या गाडीसाठी ते लिहिलं नाही, आणि वर दम भरला. गाडी बदलली तेव्हा त्यांनी विचारलं नाही, कारण मला काही विचारलं की मी अंगावर जाते. मग तुझ्यावर आरोप आला तेव्हा मी किल्ली कुठं होती हे न विचारता तुलाच दोषी ठरवलं. म्हणजे तुला मी दोनदा बुडवलं, चौदा वर्षांच्या अंतरानं, एकाच अक्षरात.

अठ्ठावीसला तुझे सासरे घरी आले. मी तिथं होते. वर्कशॉप दोन दिवस बंद ठेवलं, बाबा गेले तेव्हाही एकच दिवस ठेवलं होतं. त्यांना कुबड्यांवर फाटकातून आत घेतलं, खुर्चीत बसवलं. मग मी तो कागद सगळ्यांसमोर वाचला. तुझी सासू, तुझा नवरा, शेजारचे ते डोकावून बघणारे दोघे, सगळ्यांना उभं केलं होतं. वाचून झाल्यावर म्हटलं, हे माझं अक्षर आहे. शिव्या द्यायच्या त्यांनी द्या.

कुणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मेव्हणे मग म्हणाले, "ती म्हणाली होती मला. गाडी वेगळी असेल म्हणून. मी हसलो होतो." आणि तुझा नवरा म्हणाला, किल्ली मीच फिरवली, दांडी मीच काढली, आठवतंय मला. पहिल्या दिवसापासून आठवत होतं का, ते मी विचारलं नाही. ते तू विचार. मला म्हणाला, मावशी, तिला माझ्या वतीनं लिही. मी म्हटलं, तुझं पत्र तू लिही, मी माझंच लिहिताना घामाघूम झालेय.

परत ये असं मी सांगणार नाही. मी या घराला एकदा सांगितलं ते चौदा वर्षं पुरलं. गाडी माझ्याकडे तयार आहे. किल्ली या पाकिटात आहे. ती तुझी. येऊन घेऊन जा, आणि गाडी कुठं न्यायची ते तू ठरव.

एवढं मात्र ऐक, आणि हे फक्त ऑटोमॅटिकसाठी आहे, या वेळी लिहून ठेवते. चढावर गाडी पूर्ण थांबव, पाय ब्रेकवर ठेव. दांडी एनवर. हँडब्रेक ओढ. मग पाय हळूच काढ, गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू दे. ती इंचभर हलेल, घाबरू नकोस. पुन्हा ब्रेक दाब आणि मग पी. निघताना उलटं, आधी दांडी पीवरून काढ, मग हँडब्रेक सोड, पाय ब्रेकवरच. टक् आवाज आला नाही म्हणजे बरोबर केलंस.

आणि यातलं काही पटलं नाही तर मला विचार. मी ओरडेन. तरी विचार.

मावशी


१४ डिसेंबर

मावशी,

गाडी नेली त्या दिवशी तुम्ही वर्कशॉपमध्ये नव्हतात. तुमचा माणूस म्हणाला, बाई मुद्दाम बाहेर गेल्या आहेत, किल्ली लागते का बघायला सांगितलंय. किल्ली लागली.

त्या दिवशी टेबलाशी मी का गप्प राहिले, असं आईंनी मला फोनवर विचारलं. तुमच्यासाठी नाही. मी कागदाचं बोलले असते तर सगळे म्हणाले असते, आता ताईंवर ढकलते. मला खरं असूनही पटवत बसायचा कंटाळा आला होता. तुम्हाला खोटं चालत नाही म्हणून हे लिहिते.

माझ्या माहेरची गल्ली सासरच्या चढाहून जास्त उभी आहे. आठ दिवस मी तिथंच गाडी लावते आहे, तुम्ही लिहिलंत तशी. इंचभर हलते तेव्हा पहिल्या दिवशी दोन्ही पाय ब्रेकवर गेले. आता नाही. आवाज येत नाही.

काल हे आले. चालत आले, चढ चढून धाप लागली होती. पत्र आणलं होतं, हातानं लिहिलेलं, तीन पानी. मी म्हटलं, ते नंतर वाचते, आधी गाडीत बसा आणि लावून दाखवा. त्यांनी थेट पीवर टाकली आणि पाय काढला. मी म्हटलं, परत. तीन वेळा परत केलं. चौथ्यांदा बरोबर जमलं. मग मी म्हटलं, आता डिकीमागे जाऊन उभे राहा.

ते गाडीतून उतरले, पण मागे गेले नाहीत. मी म्हटलं, मी पीवर टाकलेल्या गाडीमागे बाबा होते, तुम्ही नव्हतात. आता गाडी तुम्ही लावली आहे. उभे राहा.

गेले, उभे राहिले. पाय जवळ घेऊन, गाडीला पाठ न करता.  मी डिकी उघडली आणि जोरात आपटली. दोनदा. गाडी हलली नाही. ते डोळे मिटून होते, पण सरकले नाहीत.

मग मी त्यांचं पत्र वाचलं. किल्ली त्यांना पहिल्या दिवसापासून आठवत होती. तसं लिहिलं आहे. बाबांचा चेहरा बघून सांगवेना, मग जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं. त्याबद्दल माझं बोलणं संपलेलं नाही. बरेच दिवस संपणार नाही.

रविवारी मी जाते आहे. बाबांच्या पायाचे व्यायाम दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचे नाहीत, ते चुकीचा पाय आधी टाकतात असं आईंनी सांगितलं. जाताना गाडी मी चालवणार आणि त्या चढावर मीच लावणार. कपाटाच्या दारावर कागद सोडवला तिथं एक पांढरा चौकोन राहिला आहे म्हणे. आई विचारत होत्या, तिथं काय लावू? मी म्हटलं, काही लावू नका.

एक तुम्हाला सांगते, त्यांना सांगू नका. ते डिकीमागे जाऊन उभे राहायच्या आधी, चौथ्यांदा गाडी लावत होते तेव्हाच, मी पलीकडच्या मागच्या चाकाला हळूच वीट सरकवली होती.

तुमची सून